कुपवाडची फौंड्री आणि उथळ पाण्यातल्या युद्धनौकेचे व्हॉल्व्ह : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीत ही फौंड्री दोन पिढ्या चालू आहे. मुख्य काम बीड (ओतीव लोखंड) ओतण्याचे : शेतीपंपांची केसिंग, ब्रॅकेट, ट्रॅक्टरचे काही भाग. शेडच्या एका बाजूला क्रुसिबलच्या (धातू वितळवायच्या भांड्यांच्या) भट्ट्यांवर गनमेटलचे, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे, इंपेलर आणि बुश ओततात आणि शेजारच्या गाळ्यात मशिन शॉप आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, खरेदी-विक्री तोच बघतो. ओतकाम मामांच्या हाती. त्यांनी शाळा लवकर सोडली, पण धातूचा रंग बघून तापमान सांगण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नाही. फौंड्री आणि तिचे गिऱ्हाईक ओळखू येतील असे तपशील येथे गाळले आहेत. मी या कामात धातुशास्त्राचा सल्लागार म्हणून होतो.

पुण्याच्या एका व्हॉल्व्ह उत्पादकाकडून चौकशी आली. समुद्राच्या पाण्याच्या लाइनीवर बसणारे व्हॉल्व्हचे बॉडी आणि बॉनेट (बॉडीवरचे झाकण), चार मापांत. धातू निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. जहाज किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारे. चौकशीच्या कागदावर जहाजाबद्दल एवढेच होते. बाकी सगळे ड्रॉइंगवरच्या बारीक टिपांमध्ये होते, आणि त्या टिपा अशा का लिहिल्या आहेत हे कुपवाडमध्ये कुणालाच माहीत नव्हते. पुढे जे काही बिघडले आणि जे काही जमले, त्याचे मूळ बहुतेक तिथेच आहे.

जहाजाच्या गरजा

ज्या जहाजासाठी हे काम होते त्याचे नाव देत नाही, पण त्या जातीची कल्पना जाहीर माहितीवरून येते. भारतीय नौदलाने एप्रिल २०१९ मध्ये उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी १६ नौकांचे करार केले. आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे आणि आठ कोचीन शिपयार्डकडे. कोलकात्याच्या मालिकेतली पहिली, आयएनएस अर्नाळा, १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. कोचीनची पहिली, आयएनएस माहे, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत. अर्नाळा हे नाव वसईजवळच्या किल्ल्याचे. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला तेव्हा छत्रपती शाहू महाराजांची गादी साताऱ्यातच होती. आमच्या भागात हे सांगितले की कामगारांचे कान टवकारतात, म्हणून आवर्जून सांगतो.

अर्नाळाची लांबी ७७.६ मीटर, रुंदी साधारण साडेदहा मीटर, आणि पाण्याखालचा भाग सुमारे २.७ मीटर. एवढ्या लांबीच्या लढाऊ जहाजासाठी हा डुबाव कमीच. खाडीच्या तोंडाशी, बंदराच्या वाटेवर, मासेमारीच्या पट्ट्यात फिरायचे तर हेच लागते. आंग्र्यांच्या आरमाराची गलबते खाडीत शिरायची आणि पाठलाग करणारी मोठी जहाजे बाहेर अडकायची, तेही याच कारणाने. डुबाव कमी ठेवायचा म्हणून खाली लोंबणारा पंखाही टाळला आहे. डिझेल इंजिने वॉटरजेट चालवतात, म्हणजे पाणी आत ओढून मागे जोराने फेकतात. या जोडीवर चालणाऱ्या भारतीय युद्धनौकांमध्ये अर्नाळा सर्वांत मोठी आहे.

आता यातून व्हॉल्व्हवर काय येते ते बघा.

पहिले, वजन. लांबी गुणिले रुंदी, त्यात जहाजाच्या आकारासाठी ०.७८ च्या आसपासचा गुणक आणि समुद्राच्या पाण्याची घनता धरली तर असे जहाज साधारण साडेसहा टन वजनाला एक सेंटिमीटर खाली बसते. हा माझा ढोबळ हिशेब, गोदीचा आकडा नव्हे. पण ६५ टन वाढले की १० सेंटिमीटर डुबाव वाढला, एवढे त्यातून दिसते.

दुसरे, आवाज. उथळ पाण्यात ध्वनी तळावर आणि पृष्ठभागावर आपटून परत येतो, कोळ्यांच्या बोटींच्या इंजिनांचा कल्ला असतो, पाण्याच्या थरांचे तापमान ऋतूप्रमाणे बदलते. अशा गोंगाटात पाणबुडीचा क्षीण आवाज टिपायचा तर स्वतःचा आवाज कमी हवा. जहाज कान लावून हळू चालते तेव्हाही थंडाव्याचे पंप चालूच असतात. त्या पाण्याच्या वाटेत एखादी पायरी, खडबडीत कड किंवा बर (धातूची उरलेली धार) राहिली की पाणी तिथे घुमते आणि ते घुमणे सोनारपर्यंत, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचते.

तिसरे, गंज. किनाऱ्याजवळचे पाणी खोल समुद्रासारखे स्वच्छ नसते. त्यात गाळ, वाळू आणि बंदरातल्या सांडपाण्यातले सल्फाइड असते. सल्फाइड तांब्याच्या मिश्रधातूंना त्रास देते. जहाजावरच्या समुद्रपाण्याच्या पाइपा बहुधा ९० भाग तांबे आणि १० भाग निकेलच्या असतात, आणि त्यांच्याशी निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे चांगले जमते. विजोड धातू शेजारी ठेवल्यावर काय होते ते अमेरिकी नौदलाने पाहिले आहे. त्यांच्या इंडिपेंडन्स वर्गाच्या ॲल्युमिनियमच्या पहिल्या जहाजात वॉटरजेटच्या भागात २०११ मध्ये जोराचा गंज आढळला. पोलादाच्या भागांशेजारी ॲल्युमिनियम, आणि गंजरोधाची विद्युत व्यवस्था बसवलेली नाही, असे ते दुखणे होते.

चौथे, धक्का. पाण्याखालच्या स्फोटाचा हादरा पाइपलाइनपर्यंत येतो, म्हणून ठिसूळ धातू चालत नाही. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझच्या सी ९५८०० या अमेरिकी प्रतीत ताणबळ किमान ५८५ मेगापास्कलच्या आसपास आणि लांबण्याची क्षमता १५ टक्के मागितली जाते. ताणबळात आमचे नेहमीचे गनमेटल याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

अडचण

फौंड्रीला ब्राँझ ओतता येते, असे मुलाचे म्हणणे होते. खरे म्हणजे गनमेटल ओतता येत होते. या दोन धातूंचे स्वभाव जवळजवळ उलट आहेत.

गनमेटल हळूहळू, मोठ्या तापमानपट्ट्यात गोठते. आकुंचन सगळ्या अंगभर बारीक भोकांच्या रूपात पसरते, म्हणून रायझर (आकुंचनाची भर घालणारे जास्तीच्या धातूचे साठे) लहान असले तरी काम भागते. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ अरुंद पट्ट्यात पटकन गोठते आणि सगळे आकुंचन एका जागी गोळा होते. रायझर मोठे लागतात, जाड ठिकाणी चिल (उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे) लागतात, आणि पातळ भागाकडून जाड भागाकडे, तिथून रायझरकडे असे क्रमाने गोठवावे लागते. शिवाय त्यात ९ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम असते. वितळलेला धातू हवेत उसळला की त्याच्यावर ऑक्साइडची पापडी धरते आणि ती मोडून आत गुंडाळली जाते. वरून बघितले तर कास्टिंग सुंदर दिसते. मशिनिंग झाल्यावर, हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला), नेमक्या त्या घडीतून पाणी झिरपते.

मामा म्हणाले, “गनमेटलचं एवढं लाड कधी करावं लागलं न्हाईत.”

कोणते पर्याय होते

अण्णांचे मत सरळ होते : नाही म्हणून कळवा. पंपवाल्यांचे पैसे साठ दिवसांत येतात, इथे व्हॉल्व्हवाल्याला गोदीकडून मिळणार, मग आपल्याला. मध्ये किती जण उभे आहेत ते माहीत नाही, आणि तांब्याचा भाव रोज बदलतो. या आक्षेपात तथ्य होते, आणि पुढे तो खराही ठरला.

मुलाला चारही मापे आपणच ओतायची होती. त्याचा हिशेब पुढच्या दहा वर्षांचा होता. शेतीपंपांच्या कामात किलोवर पैसे मिळतात, आणि किलोचा भाव शेजारचा गाळा नेहमी थोडा खाली आणतोच.

तिसरा पर्याय, कास्टिंग या धातूचा अनुभव असलेल्या बाहेरच्या फौंड्रीतून घ्यायचे आणि फक्त मशिनिंग व टेस्टिंग कुपवाडला करायचे. नफा कमी, जोखीमही कमी. चौथा पर्याय कुणीतरी दबकत काढला : गनमेटलला परवानगी मागायची. तो टिकला नाही. धातू डिझाइनचा भाग होता आणि बदल मंजूर व्हायला व्हॉल्व्हवाला, गोदी, वर्गीकरण संस्था आणि नौदलाचे तपासनीस अशी साखळी होती. या मालिकेतल्या नौका इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेच्या नियमांनी बांधल्या जातात. कुपवाडहून एक पत्र गेले आणि धातू बदलला, असे होत नाही.

मी तिसरा सुचवला होता. ठरले ते मिश्र : दोन लहान मापे स्वतः ओतायची, दोन मोठी बाहेरून आणायची. आज मागे बघताना हा निर्णय मला बरोबर वाटतो. कारण मात्र बैठकीत दिले होते ते नव्हते. बैठकीत भट्टीच्या क्षमतेचे बोलणे झाले. खरे कारण असे की लहान मापात चूक झाली तर धातू पुन्हा वितळवता येतो आणि शिकणे स्वस्तात होते.

ट्रायल

पहिली ट्रायल रसायनशास्त्रातच अडली. शिरोलीच्या प्रयोगशाळेतून आलेल्या रिपोर्टात शिसे मर्यादेबाहेर. मुलाने आधी रिपोर्टवरच शंका घेतली, कारण आमच्याकडचे स्पेक्ट्रोमीटर बहुतेक लोखंडासाठी लावलेले असतात. पण तिथे तांब्याचा कार्यक्रम होता, नमुना पुन्हा तपासला तरी आकडा तोच.

हिशेब मांडल्यावर उलगडले. सी ९५८०० मध्ये शिसे ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. १०० किलोच्या ओतणीत म्हणजे ३० ग्रॅम. आमच्या गनमेटलमध्ये शिसे पाच टक्के. क्रुसिबलच्या भिंतीला आणि लेडलला (धातू ओतायच्या डावाला) मिळून सहाशे ग्रॅम जुने गनमेटल चिकटून राहिले की मर्यादा संपली. कामगारांनी क्रुसिबल खरवडले होते, त्यांच्या नेहमीच्या मानाने चांगलेच. म्हणून मग नवे क्रुसिबल, वेगळे लेडल, वेगळी ढवळायची सळी, आणि रनर-रायझर परत वितळवण्यासाठी कुलूप असलेला वेगळा पिंजरा. कुलपावर मुकादमांनी नाक मुरडले. पण मशिन शॉपमधला चुरा एकत्र झाडला जातो हे लक्षात आल्यावर कुलपाची किल्ली त्यांनी स्वतःच्या कनवटीला लावली.

दुसऱ्या ट्रायलला रसायन जमले, पण जवळपास निम्मी बॉडी प्रेशरला झिरपली. ओतणी वरून होती. पॅटर्नचे (साचा घ्यायच्या नमुन्याचे) गेटिंग, म्हणजे धातू साच्यात शिरायची वाट, बदलून धातू तळातून, शांतपणे वर चढेल असे केले. मामांनी हे दोन दिवसांत आत्मसात केले आणि शिवाय स्वतःची एक सुधारणा घातली : ओतताना लेडलचे तोंड स्प्रूच्या (धातू ओतायच्या नळीच्या) इतके जवळ धरायचे की धार दिसताच कामा नये. पुस्तकात हेच लांबलचक लिहिलेले असते.

उष्णोपचार बाहेर करावा लागला. नौदलाच्या कामात या धातूला ६७५ अंश सेल्सिअसला सहा तास ठेवून हवेत थंड करतात, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात ठराविक घटकच खाल्ले जाण्याचा धोका कमी होतो. फौंड्रीकडे बिडासाठीची जुनी भट्टी होती, पण एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात तापमानाचा फरक मोठा आणि नोंदीचा चार्ट नाही. चार्ट नसेल तर तपासनीस उपचार झालाच नाही असे धरतो, आणि ते योग्यच आहे.

वजनाचा वाद

या प्रकरणात सर्वांत जास्त शिकण्यासारखे इथे आहे.

पॅटर्नचा खर्च वाचावा म्हणून व्हॉल्व्हवाल्याच्या खरेदी विभागाने आपला जुना गनमेटलचा पॅटर्न पाठवला होता. बाहेरचा आकार तोच, भिंत जाड. ट्रायलचे कास्टिंग काट्यावर ठेवले तेव्हा सगळे खूश झाले, कारण ते जुन्या गनमेटलच्या बॉडीपेक्षा हलके होते. हलके असणारच. गनमेटलची घनता ८.८ च्या आसपास, या ब्राँझची ७.६. तेवढ्याने १४ टक्के वजन आपोआप उतरते. ड्रॉइंगवर कमाल वजन मात्र पातळ भिंतीच्या हिशेबाने दिले होते आणि आमचे कास्टिंग त्यापेक्षा साधारण अर्धा किलो जास्त भरत होते.

मुलाचा प्रश्न चोख होता : “असे तीनशे व्हॉल्व्ह धरा, दीडशे किलो. दीडशे किलोनं जहाज कुठं बुडतंय?”

बुडत नाही. वरच्याच हिशेबाने एक मिलिमीटरसुद्धा खाली बसत नाही. इथे मी डिझाइनवाल्यांची बाजू उगाच फुगवणार नाही. पण जहाजाचे वजन हे अनेकांनी मिळून खर्च करायचे एकच खाते असते. पंपवाला, केबलवाला, रंगवाला, प्रत्येकाचा युक्तिवाद हाच. आणि सेवेत आल्यावर जहाज कधी हलके होत नाही, नवी यंत्रे चढतच जातात. अमेरिकेच्या किनारी युद्धनौकांच्या कार्यक्रमात वजनाचे व्यवस्थापन सुधारा, असे तिथल्या सरकारी लेखातपासणी संस्थेला २०१४ मध्ये अहवालात लिहावे लागले. त्या जहाजांकडून चाळीस नॉटपेक्षा (तासाला सागरी मैलांपेक्षा) जास्त वेग मागितला होता आणि शिवाय गरजेप्रमाणे बदलता येतील अशी शस्त्रसंच-मॉड्यूल त्यांनी वाहायची होती. अशा जहाजात राखीव वजन आधीच थोडे. पाणबुडीविरोधी मॉड्यूल तर २०२२ मध्ये गुंडाळायचेच ठरले. अर्नाळाच्या जातीत वेग २५ नॉटच्या आसपास ठेवला आणि काम एका मुख्य हेतूभोवती बांधले. माझ्या मते हा जास्त शहाणा सौदा आहे, जरी चाळीस नॉटचा आकडा छापायला बरा दिसत असला तरी.

वाद सुटला तो मात्र वजनाच्या तत्त्वावर नाही. खरेदी विभागाशी बोलणे थांबवून मुलाने त्यांच्या डिझाइन इंजिनिअरशी फोन जुळवला. तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की भिंत आणि फ्लँज जिथे मिळतात तिथला जाड गोळाच तुमचे आकुंचन गोळा करतो आहे. म्हणजे जास्तीचा अर्धा किलो आणि झिरपणे, दोन्ही एकाच जागचे. त्याच बोलण्यात आतल्या वाटेच्या गुळगुळीतपणाची टीप का आहे तेही कळले. फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करणारी) पोरे तोवर आतून काही घासतच नव्हती. शेतीपंपाच्या आत कोण बघतो?

नवा पॅटर्न करायचे ठरले, खर्च निम्मा-निम्मा. निम्म्यासाठी अण्णांनी जे बोलणे केले ते वेगळ्या प्रकरणाचा विषय होईल.

वेल्डिंगचा प्रश्न

नव्या पॅटर्नवर काम रुळले. मग एका लॉटमध्ये दोन बॉडी फ्लँजजवळ घामेजल्या. महिनाअखेर होती, पुण्याहून दिवसातून दोनदा फोन येत होते. शेतीपंपाच्या कामात अशा वेळी सोडियम सिलिकेटने भोके बंद करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मामांनी टिग वेल्डिंगचा एक टाका सुचवला.

हा धातू वेल्ड होतो, त्यात खोटे काही नाही. पण वेल्डच्या कडेची रचना बदलते, म्हणून पुन्हा ६७५ अंशांचा उपचार, पुन्हा रेडिओग्राफी, आणि दुरुस्तीची लेखी परवानगी लागते. न सांगता पाठवता आले असते. हायड्रो टेस्ट नक्की पास झाली असती आणि गंज काही वर्षांनी, कुठल्या तरी पंपरूममध्ये दिसला असता.

त्यांनी परवानगी मागितली. ती वेळेत येणार नाही हे कळल्यावर दोन्ही बॉडी मोडीत काढून पुन्हा ओतल्या. माल उशिरा गेला.

निष्पत्ती

दोन्ही लहान मापे मंजूर झाली. मोठ्या मापांचे मशिनिंग कुपवाडलाच चालू आहे, कास्टिंग अजून बाहेरून येतात. उशिरामुळे पुढच्या ऑर्डरचा काही भाग गिऱ्हाइकाने दुसऱ्या पुरवठादाराला दिला. दोन बॉडींबद्दल खरे सांगितल्याचे कुणी कौतुक केले नाही. पण पुढच्या तपासणीत त्यांचे हीट नंबर (प्रत्येक ओतणीचे क्रमांक) आणि चार्ट बघून तपासनीसाने नमुने कमी काढले, एवढे झाले.

पैशाच्या बाबतीत अण्णा बरोबर निघाले. मंजुरीच्या काळात तांबे चढले आणि दर पक्का करून बसल्यामुळे पहिल्या ऑर्डरमध्ये जेमतेम खर्च निघाला.

काय वेगळे करता आले असते

भावबदलाचे कलम पहिल्या कोटेशनमध्येच हवे होते. तांब्याच्या कामात मंजुरीला महिने लागणार हे माहीत असताना पक्का दर देणे म्हणजे दुसऱ्याच्या उशिराचा खर्च स्वतःच्या खिशातून भरणे. गिऱ्हाईक अशा कलमाला नाही म्हणते का? कधी म्हणते, बऱ्याचदा विचारले तर मान्य करते.

डिझाइन इंजिनिअरशी बोलणे चौकशीच्या टप्प्यावर झाले असते तर जुना पॅटर्न कुपवाडला पोचलाच नसता. इथे दोष एका बाजूचा नाही. खरेदी विभागाला मधला दुवा राहायचे असते आणि लहान कारखानदाराला वाटते की जास्त प्रश्न विचारले तर अनुभव नाही असे दिसेल. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक टिपेपुढे “ही कशासाठी?” असे लिहून तो कागद पाठवायला हरकत नव्हती.

पहिली ट्रायल घेण्याआधी मामांना हा धातू ओतणाऱ्या दुसऱ्या फौंड्रीत दोन दिवस पाठवायला हवे होते. ते जे इथे बिघडवून शिकले ते तिथे बघून शिकले असते. मोठी मापे जिथून येतात तिथेच हे जमले असते, पण तेव्हा ते कुणाला सुचले नाही.

संगणकावर गोठण्याचे सिम्युलेशन करून घ्यायचा पर्यायही होता. कोल्हापूर पट्ट्यात ही सेवा मिळते. पहिल्या दोन ट्रायलींच्या धातूच्या आणि इंधनाच्या खर्चात ते बसले असते असा माझा अंदाज आहे, पण गेटिंग तळातून घ्यायची सूचना तरीही माणसालाच करावी लागते.

सध्या चर्चा चालू आहे ती चार्ट असलेल्या उष्णोपचार भट्टीची. मुलाला ती लगेच हवी आहे. अण्णा म्हणतात, शेजारच्या दोन कारखान्यांचे काम लेखी मिळाल्याशिवाय नाही, कारण एकट्या व्हॉल्व्हच्या मालावर ती भट्टी महिन्यातले बहुतेक दिवस थंड पडून राहील.